गळ्याचं बूच

“ह्ये बूच. कुणी केलं?”

बजरंगअण्णांनी डाव्या हाताचा अंगठा गळ्याच्या खळगीवर दाबून विचारलं. आवाज खरखरीत, स्टेशन नीट न लागलेल्या रेडिओसारखा. विचारून झाल्यावर त्यांनी अंगठा काढला, श्वास घेतला आणि उजव्या तळव्यावरची ती सिलिकॉनची बोराएवढी वस्तू खिडकीच्या उजेडात धरली.

“मी केलंय,” मी म्हटलं.

पुन्हा अंगठा. “रंग शेंबडासारखा. का केला?”

टेबलापलीकडे बसलेल्या मुजावर मॅडम मान खाली घालून हसल्या. माझा चेहरा पडला असणार, कारण अण्णा घाईघाईनं म्हणाले, “ऱ्हाऊ दे रंगाचं. बसवा.”

अण्णा नाकानं श्वास घेत नव्हते. कर्करोगामुळे त्यांचं स्वरयंत्र काढून टाकलं होतं आणि गळ्याच्या पायथ्याशी, सदऱ्याचं वरचं बटण येतं तिथे, श्वासासाठी एक भोक ठेवलं होतं. आत श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये सर्जननं छोटी झडप बसवली होती. बाहेरचं भोक बोटानं बंद केलं की निघालेल्या हवेला तेवढी एकच वाट उरते. ती झडपेतून अन्ननलिकेत शिरते, तिथली कातडी थरथरते आणि माणूस बोलतो. बोट काढलं की आवाज बंद, श्वास चालू.

ही झडप बसवलेले बरेच लोक वर्षभरात बोलणंच सोडून देतात, हे मुजावर मॅडमचं दुखणं होतं. डॉ. शबाना मुजावर मूळच्या मिरजेच्या. शिकायला कुठं कुठं जाऊन पुन्हा मिरजेलाच परतल्या आणि तिथल्या एका रुग्णालयात आवाजावर संशोधन करायला लागल्या. त्यांच्या खोलीत लोक छान बोलत. आकडे म्हणून दाखवत, नाव-गाव सांगत. आणि घरी जाऊन गप्प होत. का, म्हणून विचारलं तर खांदे उडवत. मॅडमची शंका अशी होती की असं बोलायला छातीचा फार जोर लागत असणार, माणसं दमून जात असणार. पण शंका खरी की खोटी हे कळायला तो जोर लोक घरी, बाजारात, रानात बोलत असताना मोजायला हवा. आणि बोटाचा दाब दर वेळी वेगळा पडतो, त्यामुळे बोट मध्ये आलं की मोजणी बिघडते.

“माझ्याकडे प्रश्न आहे, हत्यार नाही,” त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. “तू हत्यार करून दे.”

मी प्रॉडक्ट डिझायनर. त्याआधी पुण्यातल्या एका कंपनीत मिक्सरची झाकणं आणि इस्त्रीच्या मुठी करून करून कंटाळले होते. मिरजेला आले तर तिथंही झाकणच वाट्याला आलं. एवढंच, की हे माणसाच्या गळ्याचं होतं. आता याला पंधराएक वर्षं झाली. प्लास्टर घालायच्या खोलीशेजारी एक रिकामी पडलेली कोठी मला दिली होती. तिथे मी मेणाचे साचे कोरायची, सिलिकॉन ओतायची, आणि जे निघेल ते मॅडमच्या पेशंटच्या गळ्याला लावून बघायची. पहिला नमुना खोकल्याबरोबर उडून खिडकीवर आपटला. दुसऱ्यातून शीळ वाजायची. एक आजोबा तर म्हणाले, मला हाच राहू द्या, नातू खूश होतो. तिसरा घामानं सुटला. अण्णांच्या तळव्यावर होता तो चौथा.

गळ्याला चिकटणारी मऊ वाटी, आणि वाटीत पापणीसारखा एक पातळ पडदा. साधा श्वास चालू असेपर्यंत पापणी उघडी. बोलायसाठी जरा जोरात हवा सोडली की ती आपोआप मिटायची. कडेला तांदळाच्या दाण्याएवढा सेन्सर होता, त्याची वायर खिशातल्या डबीत जायची. परदेशात पडद्याची अशी साधनं मिळत होती, पण आमच्या उन्हात नि घामात ती टिकत नसत आणि त्यांत मोजायची सोय नव्हती. आम्हाला मोजायचंच तेवढं होतं.

मी वाटी नीट दाबून बसवली आणि बाजूला झाले.

“आता अंगठा न लावता बोला, अण्णा,” मॅडम म्हणाल्या.

अण्णांचा हात सवयीनं वर गेला. मॅडमनी तो धरून खाली ठेवला.

“काय बोलू?” अण्णा म्हणाले.

आणि थांबले. त्यांच्या लक्षात आलं, की ते बोलले होते. त्यांनी दोन्ही हात मांडीवरून उचलले, उलटेसुलटे करून पाहिले.

“आता ह्या हातांचं. काय करू?”

मॅडम हसल्या, मीही हसले. अण्णा हसले नाहीत. ते हातांकडे बघत राहिले.

बजरंग झेंडे यांचं बाजाराजवळच्या एका बोळाच्या तोंडाशी केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, समोरासमोर आरसे. मॅडमनीच मला तिकडे पाठवलं. “जोर किती लागतो ते डबी सांगेल,” त्या म्हणाल्या. “माणूस कुणाशी, कशासाठी बोलतो ते तू बघून ये. फोन करून जा, नाहीतर घाबरतील.”

पुरुषांच्या दुकानात बाई येऊन बाकावर बसली म्हटल्यावर सगळे गप्प झाले. एकानं उघड्या शर्टाची बटणं लावून घेतली. अण्णांनी माझी ओळख करून दिली, “ह्या वृंदाताई. माझं बूच. ह्यांनी केलंय.” मग वस्तरा हातात घेतला आणि खुर्चीतल्या निवृत्त पोस्टमनला एका लग्नाची गोष्ट सांगायला लागले. नवरदेवाची घोडी वाजंत्र्याच्या आवाजानं बिथरून शेजारच्याच मांडवात शिरली. तिथल्या करवल्यांनी न बघता ओवाळलं. नवरदेव भिडेपोटी गप्प बसला.

“मग?” पोस्टमन म्हणाले.

“हलू नगा. गोष्ट पन नाजूक जागी आलीया. आन् वस्तरा पन.”

दुकान हसायला लागलं. अण्णांना एका श्वासात चार-पाच शब्दच जमत. पण त्यांनी त्या थांबण्याचाच उपयोग करायला सुरुवात केली होती. नेमकं मोक्याच्या जागी थांबायचे, गिऱ्हाईक आरशातून त्यांच्याकडे बघत राहायचं, आणि मग पुढचं वाक्य यायचं. डाव्या हाताची दोन बोटं गालाची कातडी ताणत होती, उजव्या हातातला वस्तरा फिरत होता, आणि तोंड चालू होतं.

पोस्टमन टॉवेलनं तोंड पुसत माझ्याजवळ आले. “आपरेशन झाल्यापास्नं इथं यायला नको वाटायचं,” ते म्हणाले. “एका हातानं अंगठा धरून बोलायचा, तर वस्तरा थांबायचा. वस्तरा चालू, तर बोलणं बंद. आरशात बघत बसायचं, आपलंच तोंड. दाढी व्हायची हो, पण न्हाव्याकडं जाऊन आल्यासारखं वाटायचं न्हाई.”

मी परत येऊन हे सगळं मॅडमना रंगवून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि संगणकावरचा आलेख माझ्याकडे फिरवला.

“हे बघ. त्यांना जोर काही विशेष लागत नाहीये. बाकीच्यांनाही नाही. माझी शंका खोटी निघतेय.”

“मग लोक बोलणं का सोडतात?”

“तेच तर,” मॅडम म्हणाल्या, आणि आलेखाकडे रागानं बघत राहिल्या.

माझ्या कोठीत मी एक छोटी मोटर लावून ठेवली होती. ती नमुन्याची पापणी सारखी उघडमीट करत राहायची. पडदा किती टिकतो ते मला बघायचं होतं. आम्हाला परवानगी थोड्या काळाची होती, तेवढ्यात काही होणार नाही असा आमचा हिशेब होता. एका सकाळी कोठी उघडली तर मोटर फिरत होती आणि पापणी तुटून टेबलावर पडली होती.

तो तुकडा मी मॅडमच्या समोर ठेवला. त्यांनी तो नखावर उचलला. नखापेक्षाही लहान होता.

“सगळे नमुने परत घे,” त्या म्हणाल्या. “आजच.”

“मॅडम, लोकांच्या गळ्यावरचे अजून चांगले असतील. मी एकेक तपासून…”

“हा तुकडा श्वासाबरोबर आत गेला तर काय होईल?”

मी त्या तुकड्याकडे बघितलं.

“त्या माणसाला ओरडतासुद्धा येणार नाही, वृंदा.”

“पण अण्णांचं दुकान त्याच्यावर चाललंय.”

“दुकान चालावं म्हणून आपण ते दिलं नव्हतं. मोजायला दिलं होतं. मोजून झालं.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “मला काय आनंद होतोय का गं?”

सगळे येऊन आपापला नमुना देऊन गेले. कुणी खुशीनं, कुणी तोंड वाकडं करून. शिट्टीवाले आजोबा म्हणाले, माझा आधीचा देता का? अण्णा मात्र आले नाहीत. दुकानाच्या शेजारच्या फुलवाल्याच्या फोनवर मी निरोप ठेवला. उत्तर आलं, बूच हरवलं.

मला ते खरं वाटलं नाही. मॅडमनाही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षानं बाजारात गेले. दुकानाचं शटर बंद होतं. फुलवाला म्हणाला, “अण्णा जरा उशिरा येत्यात. घरी असतील बघा, ह्याच बोळात, निळं दार.”

निळं दार अर्धवट उघडं होतं. हाक मारायला तोंड उघडलं तेवढ्यात आतून अण्णांचा आवाज आला. चांगला मोठ्यानं.

“लग्नाला जायाचं न्हाई. म्हंजे न्हाई.”

“भाचा माझा हाय,” बाईचा आवाज.

“आन् मानपान. माझा हाय.”

“गेल्या वर्सी कुठं हुता तुमचा मानपान? तवा तर गप हुता.”

“गप हुतो. म्हणून मान सोडला. आसं न्हाई.”

म्हणजे बूच हरवलं नव्हतं. मी रागानंच दार लोटलं.

आत एका बुटक्या स्टुलावर अण्णांच्या मंडळी बसल्या होत्या. शालनकाकू. अण्णा त्यांच्या मागे उभे होते आणि त्यांच्या हातात काकूंचे केस होते. लांब, करडे, खोबरेल लावलेले. अण्णांनी फणी तोंडात धरली होती आणि तिच्या बाजूनं बोलत होते. काकूंचे हात मांडीवर होते. बोटं हळकुंडांसारखी, गाठाळलेली, एकीकडे वाकलेली. त्या हातात फणी धरता येणं शक्यच नव्हतं.

मला पाहून अण्णांची फणी खाली पडली.

“या,” काकू म्हणाल्या. त्यांना वळता येत नव्हतं, केस अण्णांच्या मुठीत होते. “ह्याच न्हवं बूचवाल्या? बसा की. च्या ठेवायला सांगितला असता, पर ठेवणारा माणूस वेणी घालतोय.”

मी बसले नाही. “अण्णा, हरवलं म्हणालात.”

अण्णांच्या बुचाची पापणी मिटली नाही. नुसता श्वास आतबाहेर होत राहिला.

“त्यांला काय विचारता, मला विचारा,” काकू म्हणाल्या. “मीच म्हनलं, हरवलं म्हणून सांगा. लेक सासरी गेल्यापास्नं माझी वेणी ह्येच घालत्यात. दिसभर दुकान, रात्री जेवलं की घोरायचं. बोलायची भांडायची काय ती एवढीच येळ आमची. आपरेशन झालं आन् ती पन गेली. वर्सभर ह्यो माणूस माझं नुसतं ऐकून घेत हुता. समोरून उत्तर नसलं की भांडण कसं वाटतंय सांगू? कोरड्यास न्हाई आन् भाकरी गिळायची.”

“पण अंगठा लावून बोलता येत होतं की त्यांना,” मी म्हटलं. “वेणी झाल्यावर, समोर बसून.”

उत्तर अण्णांनी दिलं.

“समोर बसून अंगठा लावला. की ही खाली बघती. पदर लावती डोळ्याला.” श्वास. “हिला भोक बघवत न्हाई. म्हणून मी मागं ऱ्हातो. मागं उभा ऱ्हायलो. की हात केसात.” पुन्हा श्वास. “मग बोलू कशानं?”

दुकानात त्या दिवशी मी केवढा वेळ बसले होते. एवढं हसणं ऐकलं होतं, आणि वाटलं होतं की या वस्तूनं काय केलं ते मला कळलं.

मी अण्णांजवळ गेले. पिशवीतून भिंग काढलं आणि त्यांना मान वर करायला सांगितली. पापणी जिथं वाटीला जोडलेली होती तिथे केसासारखी एक चीर दिसली. टोकापासून सुरू होऊन जवळजवळ मध्यापर्यंत आलेली. अण्णांनी श्वास घेतला की ती उघडायची, सोडला की मिटायची.

मी जे दिसलं ते सांगितलं. तुटलेला तुकडा आत गेला तर काय होऊ शकतं तेही सांगितलं. मॅडमचे शब्द मला वापरावे लागले.

“आजचा दिस,” अण्णा म्हणाले. “उद्या आणून देतो.”

“नाही, अण्णा.”

“बोलणं अर्धं ऱ्हायलंय आमचं. हिच्या भाच्याचं. तेवढं हू द्या. मग…”

“काढा,” काकू म्हणाल्या.

“तू गप. तुला काय कळतंय. एवढं काय…”

काकूंनी मान झटकली. केस अण्णांच्या मुठीतून सुटले. स्टुलावर बसल्या बसल्या त्या पूर्ण मागे वळल्या आणि त्यांनी वर पाहिलं. नवऱ्याच्या तोंडाकडे नाही, गळ्याकडे.

“काढा म्हंते न्हवं. भांडायला मी हाय, कुठं जात न्हाई. पर समोरचा माणूस जित्ता पायजे.”

“अगं पर मी…”

अण्णांनी बोलता बोलताच वाटीची कड नखानं सोडवली. वाक्य चालू होतं. ओठ हलत राहिले आणि आवाज गेला. अंगठा लावायचंही त्यांना सुचलं नाही. बूच त्यांनी माझ्या हातात दिलं. ते अजून ऊबदार होतं.

मग ते खाली वाकले, फणी उचलली, सदऱ्याला पुसली. काकू पुन्हा पाठमोऱ्या झाल्या. उरलेली वेणी अण्णांनी घातली, अगदी बारीक पेडांची, घट्ट. मी उभी राहून बघत होते. खोलीत केसांवरून फणी जाते तो आवाज तेवढा होता.

मॅडमना मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“आपण हवेचा दाब मोजत होतो,” त्या म्हणाल्या.

नंतरच्या आठवड्यात त्यांनी झडप वापरायची सोडून दिलेल्या लोकांना एकेक करून परत बोलावलं. या वेळी त्यांनी आवाज कसा येतो, दम लागतो का, यातलं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, “आधी बोलायचात तेव्हा हातात काय असायचं?” एका बाईंनी सांगितलं, भाकरीचं पीठ, सून आणि मी दोघी मिळून भाकरी करायचो. एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, स्टेअरिंग. एकानं आधी डोळे पुसले आणि मग सांगितलं की नातीला झोपाळ्यावर झोके द्यायचो. खांदे उडवणारे लोक तास तास बोलायला लागले. काही पाटीवर लिहून, काही अंगठा लावून.

त्यातून दुसरा अभ्यास उभा राहिला. आता हत्यार मोजण्यासाठी नव्हतं. हात मोकळे राहणं हाच अभ्यासाचा विषय होता. मी पापणी नव्यानं केली. सिलिकॉनच्या पोटात बारीक जाळी घातली, म्हणजे फाटली तरी तुकडा सुटू नये. आणि मागे एक आडवी पट्टी, म्हणजे सुटलाच तरी आत जाऊ नये. मोटर या वेळी इतकी चालली की शेवटी मोटरच जळाली, पापणी तशीच राहिली. तरीही रुग्णालयाच्या समितीची परवानगी यायला वर्ष होत आलं. माझी बुचं पुढे बऱ्याच गळ्यांवर बसली आणि मॅडमचं त्यावरचं काम गाजलं. पण मला सांगायची आहे ती परवानगी आली त्याच्या दुसऱ्या सकाळची गोष्ट.

पहिलं बूच अण्णांना द्यायचं हे ठरलेलंच होतं. मधल्या काळात मापासाठी मी त्यांना दुकानात एक-दोनदा भेटले होते. वस्तरा चालू असला की गप्प, थांबला की अंगठा लावून दोन शब्द. घरी कसं काय, हे विचारायचा मला धीर झाला नव्हता. मॅडम म्हणाल्या, “मीही येते. मला त्या बाईंना बघायचंय.”

आम्ही दोघी निळ्या दाराशी पोचलो आणि मॅडमनी माझा दंड धरला.

आतून अण्णांचा आवाज येत होता. लांबलचक काहीतरी सांगत होते. मध्येच तुटत, पुन्हा सुरू होत.

“जुनंच लावलंय की काय त्यांनी?” मॅडम कुजबुजल्या.

“जुनं माझ्या कपाटात आहे.”

दार उघडंच होतं. काकू या वेळी खुर्चीत होत्या आणि बुटक्या स्टुलावर अण्णा बसले होते, त्यांच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल असे. काकूंचे केस डाव्या खांद्यावरून पुढं घेतलेले. अण्णा दोन्ही हातांनी वेणी घालत होते, छातीवर रुळणारी. आणि काकूंचा उजवा हात वर उचललेला होता. वाकडी बोटं अण्णांच्या मानेला मागून धरून होती, आणि अंगठा, एका धुतलेल्या मलमलीच्या चिंधीवरून, गळ्यातल्या त्या भोकावर होता.

अण्णा बोलत. अण्णांचा श्वास संपत आला की काकूंचा अंगठा उचलला जाई. छाती भरली की पुन्हा टेकला जाई. कुणी कुणाला खूण करत नव्हतं. काकू सरळ त्या गळ्याकडे बघत होत्या, सुईत दोरा ओवताना बघावं तशा.

“…आन् त्यो म्हनतो कसा. काका, तुमी आलाच न्हाई. लग्नाला. मी म्हनलं, मानपान…”

काकूंनी अंगठा उचलला. अण्णांचे ओठ हलत राहिले, आवाज नाही.

“मानपानाचं बास आता,” काकू म्हणाल्या. “दुसरं काय असंल तर बोला.” आणि अंगठा परत ठेवला.

मॅडम मोठ्यानं हसल्या. तेव्हा त्या दोघांचं आमच्याकडे लक्ष गेलं.

मग चहा झाला, तो मी केला. हे असं बोलणं कधीपासून, म्हणून मॅडमनी विचारलं. काकू म्हणाल्या, “तुमच्या ताई बूच घिऊन गेल्या त्याच्या थोड्या दिसांनी. आधी लई वंगाळ झालं. मी भलत्याच येळी दाबायची, ह्यांला ठसका लागायचा. एकदा तर डोळं पांढरं केलं ह्यांनी. मग शिकले मी.”

“काय शिकलात?”

“ह्यांचा श्वास.”

मी नवं बूच अण्णांच्या गळ्यावर बसवलं. ते लगेच चाललं, पहिल्यापेक्षा स्वच्छ. अण्णा उठून आरशासमोर गेले, दोन्ही हातांनी खोट्या कात्रीनं हवेतले केस कापले, आणि “डोकं खाली घ्या, पावणं,” असं म्हणून बघितलं. खूश झाले. दुकानात कुणाकुणाला काय काय ऐकवायचं आहे ते सांगायला लागले.

“रंग पन. चांगला केलाय आता,” मला म्हणाले.

“मग आजपासून दिवसभर लावा,” मॅडम म्हणाल्या. “सकाळी उठल्यापासून. आम्हाला घरातलंही बघायचंय, वेणी घालतानाचं.”

अण्णांनी काकूंकडे बघितलं. मग नखानं वाटीची कड सोडवली, बूच काढलं आणि ते आलं होतं त्या खोक्यात ठेवलं. पुन्हा स्टुलावर जाऊन काकूंच्या समोर बसले. वेणीचे दोन-तीन पेड घालायचे राहिले होते. ते हातात घेतले.

“दुकानात लावतील की,” काकू म्हणाल्या. “घरी न्हाई लागत.”

मॅडम पुढे झाल्या. त्यांनी काकूंच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला, डॉक्टर ठेवतात तसा, सांधा चाचपत.

“एवढा वेळ हात वर धरायचा. दुखत नाही का हो?”

“दुखतोय की,” काकू म्हणाल्या, आणि हात पुन्हा वर नेला.